उशा किती लागतात?

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एक लाकडी बाक आहे. दोन केसेसच्या मधे मी त्यावर बसून चहा पिते, आणि प्रत्येक चहाबरोबर एखादा किस्सा तरी मिळतोच. लिहून ठेवले असते तर आतापर्यंत वह्यांचा गठ्ठा झाला असता. लिहीत नाही, कारण निम्मे किस्से नुसते आठवले तरी मला अजून धडकी भरते. पण आज सांगतेच.

मी भूल देणारी डॉक्टर. जालन्यात मला नावानं कोणी ओळखत नाही. 'भुलीच्या मॅडम', बस्स! सकाळी नव्या जालन्यात एक सिझेरियन, दुपारी पुलापलीकडे जुन्या जालन्यात एक हर्निया, अशी माझी स्कूटी दिवसभर फिरत असते. त्यातला जास्त वेळ जातो तो आमच्या सरांच्या दवाखान्यात. सर पोटाचे सर्जन. दुर्बिणीच्या ऑपरेशनला हात असा साफ की बघत राहावं! दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे पोटाची सर्व ऑपरेशन दुर्बिणीद्वारे केली जातात'. त्या 'सर्व' या शब्दानं माझं डोकं खाल्लं.

कारण सर्व होत नाहीत! दुर्बीण घालायची तर आधी पोटात गॅस भरावा लागतो. पोट फुगलं की आत काम करायला जागा होते. पण तो गॅस छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर रेटतो, फुप्फुसं दबतात, हृदयाला जादा जोर लावावा लागतो. धडधाकट माणूस हे सगळं सहज सोसतो आणि तिसऱ्या दिवशी घरी जातो. पण ज्याचं हृदय आधीच थकलंय, ज्याची आतडी जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलीत, ज्याच्या पोटात रक्त वाहतंय, त्याचा जीव याच दुर्बिणीनं टेबलावर जाऊ शकतो. हे सांगायचं काम माझं. ऐकायचं काम मात्र कोणाचंच नाही! लोकांच्या डोक्यात एकच बसलंय की भोक लहान म्हणजे ऑपरेशनही लहान.

आणि म्हणून लोक खोटं बोलतात. राजरोस, डोळ्यात डोळे घालून बोलतात.

यात माझा एकच आधार होता, कौसामावशी. दवाखाना सुरू झाला तेव्हापासूनची. ऑपरेशनच्या आधी पेशंटचं पोट साफ करायचं, गाऊन घालायचा, जोडवी-बांगड्या काढून नातेवाइकांच्या हातात द्यायच्या, हे तिचं काम. डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टी लोक तिला त्या दहा मिनिटांत सांगून टाकतात. ती बाहेर येऊन मला एक वाक्य सांगते. ते ऐकल्याशिवाय मी सिरिंजला हात लावत नाही. आम्ही त्याला 'मावशीची हिस्ट्री' म्हणतो.

मावशीच्या स्वतःच्या पित्ताशयात दोन वर्षांपासून खडे होते. पोटात कळ आली की भिंतीला धरून उभी राहायची, कळ गेली की पुन्हा फरशी पुसायला लागायची. सर ओरडायचे, "मावशी, ऑपरेशन करून घे!" तिचं उत्तर ठरलेलं.

"दुर्बिणीनं होत असंल तर करा. पोट फाडलं की तुम्हीच म्हणता, तीन महिने वजन उचलायचं न्हाई. मंग माझ्या म्हाताऱ्याला कोण उचलंल? तुम्ही येता का?"

तिच्या नवऱ्याला लकवा झालेला. सकाळी खाटेवरून उचलून भिंतीशी बसवायचं, संध्याकाळी पुन्हा खाटेवर. घरात ती आणि तो, तिसरं कोणी नाही.

* * *

शहागडचा एक ढाबेवाला आला होता. हायवेवर चांगला चालणारा ढाबा, आवाज खणखणीत. पित्ताशयात खडे. मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"दम लागतो का?"

"बिलकुल न्हाई!"

"जिना चढताना?"

"मॅडम, ढाब्याला जिनाच न्हाई!"

"बरं, झोपताना उशा किती लागतात?"

"एक. तीबी बारीक."

हा उशांचा प्रश्न लोकांना गमतीचा वाटतो. पण हृदय कमजोर असलं की माणसाला आडवं झोपता येत नाही, फुप्फुसात पाणी साठतं, जीव गुदमरतो. मग तो डोक्याखाली एक उशी वाढवतो, मग आणखी एक. मला छातीच्या फोटोपेक्षा उशांचा आकडा जास्त सांगून जातो.

थोड्या वेळानं मावशी गाऊन हातात घेऊन बाहेर आली.

"मॅडम, त्यांनी घरून गाठोडं आणलंय. आत तीन उशा हायेत."

मी तशीच आत गेले. गडी तीन उशांना टेकून, राजासारखा बसलेला!

"अहो, तुम्ही तर एक म्हणालात!"

"एक माझी. दोन हिच्या." त्यानं बायकोकडे बोट दाखवलं.

बायको उसळली. "माझ्या कशाला? मी तर खाली चटईवर झोपते!"

नशिबानं गुरुवार होता, इकोवाले डॉक्टर आलेले. इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय जेमतेम चालत होतं. तासाभरानं मी याच माणसाच्या पोटात गॅस भरायला 'हो' म्हणणार होते! सरांनी फाइल गुपचूप बंद केली. आधी हृदयाचे उपचार, मग खड्यांचं बघू, असं आम्ही दोघांनी मिळून त्याला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाला,

"मंग गॅस बारीक ठेवा ना मॅडम!"

तो गेल्यावर मावशी फरशी पुसत होती. पुसता पुसता तिनं विचारलं, "मॅडम, किती उशांपर्यंत चालतं?"

"एक," मी म्हणाले.

"आन् दोन असल्या तर?"

"तर मी विचारात पडते."

"तीन?"

"तीन म्हणजे आल्या पावली घरी!"

मावशी हसली, मीही हसले. बादली उचलून ती जिन्याकडे गेली.

* * *

एका पेशंटला आम्ही सांगितलं की पोट उघडूनच करावं लागेल. छातीचा जुना दमा होता, गॅस झेपला नसता. घरच्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं. चला, कोणीतरी समजूतदार निघालं! जावई तेवढा तोंड पाडून उभा होता. मला वाटलं सासऱ्याची काळजी करतोय. मी धीर द्यायला गेले.

"घाबरू नका, उघडूनही ऑपरेशन चांगलं होतं."

"ते हो मॅडम. पण मंग दुर्बिणीचा व्हिडिओ न्हाई मिळणार ना? मी ग्रुपवर टाकून बसलोय की संध्याकाळी पाठवतो म्हणून."

* * *

तीर्थपुरीची एक सून. पस्तिशीची, अपेंडिक्सचं दुखणं. सासू सावलीसारखी बाजूला. मी विचारलं, आधी पोटाचं ऑपरेशन झालंय? सुनेनं आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाई. एकबी न्हाई."

पोटावर खुणा होत्या. त्याही तिनंच सांगितल्या. "लहानपणी पोट दुखायचं, तर डाग दिलते."

आमच्याकडे अजून अशी पोटं येतात. लेकरू रडलं की तापवलेल्या सळईनं डागायचं. बघितलं की माझं रक्त उसळतं, पण ती चर्चा करायची ती वेळ नव्हती. सरांनीही बघितलं, म्हणाले, "डागाच्याच आहेत. घ्या."

मावशी बाहेर आली. "मॅडम, गोल तीन हायेत ते डागाचे. बेंबीखालचा उभा डागाचा न्हाई. त्याला दोन्हीकडून टाक्याचे ठिपके हायेत."

कोणीतरी पूर्वी हे पोट उघडलंय! आणि पुष्कळदा अशा पोटात आतडं आतून त्याच खुणेला चिकटून बसलेलं असतं. सर पहिलं भोक पाडणार ते नेमकं बेंबीशी, आणि तेव्हा आतलं काही दिसत नसतं. म्हणजे ते थेट आतड्यात!

सासूच्या हातात एक फॉर्म देऊन तिला खाली सहीला पाठवलं. दार लागलं तशी सून रडायलाच लागली. आठ वर्षांची असताना आतडं फुटलं होतं. सरकारी दवाखान्यात पोट उघडलं होतं. आई-बापांनी लग्नात लपवलं. "सासरी कळलं तर म्हणतील फसवलं. बारा वर्षं झाली मॅडम. आता कसं सांगू?"

"मी सांगत नाही," मी म्हटलं. "पण ऑपरेशन उघडून करावं लागेल."

"उघडून कशाला, असं विचारतील ना त्या!"

एवढ्यात मागून आवाज आला. सासू दारात, हातात तसाच कोरा फॉर्म.

"मी काहून विचारू? दुसऱ्या बाळंतपणाला पोट कोणी बांधलं तुझं? मीच ना? रोज सव्वा महिना बांधलं. मला दिसलं न्हाई का?"

सून बघतच राहिली. मीही!

"मग बोललात का नाही इतकी वर्षं?" मी विचारलं.

"ती बोलत न्हाई तर मी कशाला बोलू?" सासू म्हणाली. "आता जल्दी करा, लेकरं घरी एकटी हायेत."

* * *

जुन्या जालन्यातले एक धान्याचे व्यापारी. हृदयात स्टेंट टाकलेला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. आता अशा माणसाचं रक्त नीट गोठतं की नाही हे बघितल्याशिवाय हात लावणं म्हणजे आगीशी खेळ. दुर्बिणीत तर जरा रक्त आलं की कॅमेऱ्यासमोर सगळं लाल, मग काय धरायचं आणि काय नाही तेच कळत नाही. गोळ्या डॉक्टरला विचारून ठरावीक दिवस थांबवायच्या, मग तपासणी, मग ऑपरेशन. मी हे मुलाला लिहून दिलं होतं.

मुलगा फाइल घेऊन आला. रिपोर्ट असे सुंदर की विचारू नका! रक्त उत्तम, साखर उत्तम, सगळं उत्तम. कागदांच्या झेरॉक्समध्ये वरचं नाव तेवढं कापलं गेलेलं. मी खूश होऊन पानं उलटत होते. शेवटी पोटाच्या सोनोग्राफीचा कागद आला. मी वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून मोठ्यानं वाचला.

"यात लिहिलंय, तुमच्या वडिलांचं गर्भाशय आकारानं सामान्य आहे."

व्यापारी जागच्या जागी ताठ झाले. मुलाच्या कपाळावर घाम.

"मॅडम, पप्पांचा रिपोर्ट दोनदा खराब आला. तुम्ही तारीखच देऊन न्हाई राह्यल्या. म्हणून मम्मीचा आणला. घरातलाच हाय ना, बाहेरचा थोडीच हाय!"

मी अशी काही ओरडले की खालचा मेडिकलवाला वर बघायला आला. बाप टेबलावर रक्तस्रावानं गेला असता, कळतंय का तुला? मुलगा मान खाली घालून उभा. सगळं शांत झाल्यावर त्याची आई कौतुकानं म्हणाली,

"माझे सगळे रिपोर्ट पहिल्यापासून नॉर्मलच येतात बरं का मॅडम."

* * *

या किश्श्यात हसण्यासारखं एकच वाक्य आहे.

भर दुपारी एका रिक्षातून एक पोरगी आणली. तेविशीची. चेहरा पांढराफटक, नाडी हाताला लागेना. सोबत नवरा आणि नवऱ्याची दादी. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्तच रक्त. आमच्या सरांनी नुसता हात लावला आणि म्हणाले, "उघडायचं. आत्ता."

रक्तदाब असा कोसळलेला असताना पोटात गॅस भरणं म्हणजे हृदयाकडे येणारं उरलंसुरलं रक्तही अडवणं. कॅमेरा लावायला, गॅस भरायला जो वेळ जातो तेवढाही नव्हता. मी एका हातानं रक्ताची पिशवी लावत होते, दुसऱ्या हातानं नवऱ्यासमोर कागद धरला होता.

तो बिचारा घाबरून सुन्न झालेला. माणूस सुन्न झाला की भलतंच काहीतरी धरून बसतो. तो कागदाकडे बघेना, भिंतीकडे बघत राहिला.

"मॅडम, लेकिन बोर्ड पे तो लिखा है, सर्व दुर्बीण से. फिर इसका पेट क्यूँ काट रहे?"

तेवढ्यात त्या वाकलेल्या दादीनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की पेन त्याच्या हातात आपोआप आलं.

"बोर्ड बाद में पढ़! पहले दस्तखत कर!"

पोरगी वाचली. आठव्या दिवशी चालत घरी गेली. जाताना दादी बोर्डासमोर थांबली, आणि सरांना म्हणाली, "डॉक्टरसाब, वो 'सर्व' निकाल दो. किसी की जान जाएगी."

* * *

सरांनी तो शब्द तेव्हा काढला नाही. सरांना अभिमान आहे, आणि तो अभिमान फुकटचा नाही. पण म्हणून तो कुठंही चालतो असं थोडंच आहे?

बदनापूरकडचे एक आजोबा आले. आतड्याला पीळ पडलेला, चार दिवस पोट साफ नाही, पोट टम्म फुगलेलं. सर म्हणाले, "एकदा कॅमेरा टाकून बघू. जमलं तर दुर्बिणीतूनच सोडवू."

"सर, पोट बघा. आतडी आधीच एवढी फुगलीत. कॅमेरा आत जाणार कुठून?"

"तुम्ही भूल द्या हो. माझं मी बघतो."

"मी भूल देते. गॅसला नाही म्हणते."

"तुम्ही सर्जन आहात का?"

"नाही. पण टेबलावर माणूस गेला तर घरच्यांना सांगायला तुमच्यासोबत मला यावं लागतं!"

आमचं असं कधी होत नाही. सिस्टर भिंतीला चिकटल्या. आजोबा बाहेर कण्हत होते. मावशी तेवढ्यात ट्रे घेऊन वर आली, कठड्याला धरून दम खात. "गुडघे, मॅडम," ती म्हणाली. अलीकडे ती हे रोजच म्हणायची. ट्रे ठेवला, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली,

"सर, आत जागा कुठं हाय?"

सर एकदम म्हणाले, "मोठं ब्लेड द्या."

पोट उघडलं आणि दाबून धरलेली असावीत तशी आतडी आपोआप बाहेर आली. बेंबीच्या बरोबर मागे, सर जिथं पहिलं भोक पाडतात तिथं, आतड्याचा एक काळानिळा, कागदासारखा पातळ झालेला भाग होता. बोट लागलं असतं तरी फुटला असता. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला राग येण्याऐवजी त्यांची दया आली, कारण मास्कच्या वर दिसणारे त्यांचे डोळे मी कधी तसे पाहिले नव्हते.

दोन दिवसांनी भिंतीला शिडी लावलेली. पेंटरनं 'सर्व' या शब्दावर पांढरा रंग मारला होता आणि ब्रश हातात धरून तो वाट बघत होता.

"मॅडम, मी सरांना विचारलं इथं काय लिहू. सर म्हणले, भुलीच्या मॅडमना विचार."

मी अजून त्याला सांगितलेलं नाही. तिथं अजून पांढरा चौकोन आहे.

* * *

मग एक दिवस मावशी स्वतःच तारीख मागायला आली. कळा आता रोजच्या झाल्या होत्या. घनसावंगीहून बहीण येणार होती, पण तीनच दिवस. "तीन दिवसांत मला घरी सोडा. चौथ्या दिवशी म्हाताऱ्याला मला उचलायचं हाय."

आमच्याच दवाखान्यातली केस! सगळ्यांना लग्नघरासारखं झालेलं. सिस्टरांनी तिच्यासाठी खिडकीजवळची खाट राखून ठेवली. आदल्या दिवशी दुपारी मी तिची हिस्ट्री घ्यायला बसले. ती खाटेवर मांडी घालून, शाळेतल्या पोरीसारखी ताठ.

"मावशी, दम लागतो?"

"न्हाई."

"जिना चढताना?"

"तुम्ही बघताच की. गुडघे धरतात तेवढे."

"पायावर सूज?"

"न्हाई."

"उशा किती?"

"एक."

दाराशी उभे असलेले सर म्हणाले, "मावशी मेरिटमध्ये आली!" सगळे हसले. मी पण हसले आणि लिहिलं, उशी एक. ईसीजीत थोडं कमी-जास्त वाटलं, पण वय आहे म्हणून मी सोडून दिलं. इकोवाले डॉक्टर गुरुवारी येतात आणि गुरुवार तीन दिवसांवर होता. मावशी म्हणाली, "इको मागच्या सालीच केलता की. नॉर्मल आल्ता. कागद घरी हाय." आणि मी, धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलावर मेडिकलवाला वर येईपर्यंत ओरडलेली मी, "बरं" म्हणाले! स्टेथोस्कोप लावला तोही बोलता बोलता, साडीवरूनच. आपल्या माणसाला कोण असं खोदून विचारतं?

आणि त्या दिवशी पोट साफ करायला मावशी नव्हती, मावशीच खाटेवर होती. म्हणजे बाहेर येऊन मला ते एक वाक्य सांगणारं कोणी नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं ते घरी पोळी लाटताना. एकदम हात थांबला. फाइलीतली उत्तरं मला पाठ होती. आणि ती कुठं ऐकली होती तेही आठवलं. ती मीच दिलेली होती, एकेक करून, त्या बाकावर बसून, किती उशा चालतात, कशाला घाबरायचं, काय असलं की पेशंट आल्या पावली घरी जातो!

सकाळी आठची केस. मी साडेसहालाच दवाखान्यात पोचले. खाली सिस्टर पाणी भरत होत्या, त्यांना म्हटलं, कोणाला उठवू नका. जिना चढून वॉर्डात गेले आणि खिडकीजवळचा पडदा बाजूला केला.

उशी एकच होती. उशाशी, सरळ ठेवलेली, अभ्र्याची घडीही न मोडलेली. मावशी तिच्यावर झोपलीच नव्हती. भिंतीला पाठ टेकून, शाल गुंडाळून, ती बसल्या बसल्या झोपली होती. मान छातीवर, तोंड उघडं, श्वासाचा घरघर आवाज पडद्याबाहेर येत होता. पाय खाटेवरून खाली सोडलेले. काल काढायला सांगितलेली जोडवी अजून बोटातच होती, सुजलेल्या मांसात रुतलेली.

फाइल हातातून निसटली. त्या आवाजानं तिनं डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या फाइलीकडे. घाईघाईनं पाय वर ओढून पदराखाली घेतले. मग मागे हात नेला, ती उशी पुढे ओढली आणि माझ्या हातात दिली.

"मोजा मॅडम," ती म्हणाली. "एकच हाय."